फ्लॅटखालची जमीन

तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, हे कुणीही पटकन सांगतं. त्या फ्लॅटखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, असं विचारलं की माणूस थांबतो. मग ‘आमच्याच की’ म्हणतो आणि म्हणता म्हणता बायकोकडे बघतो. सांगली आणि सातारा या दोन गावांत मी वकिली केली, ती बहुतेक या एका प्रश्नावर. साताऱ्यात माहेर, सांगलीत सासर, त्यामुळे दोन्हीकडे ऑफिस थाटायला निमित्त होतं. आता साताऱ्याचं ऑफिस बंद केलंय आणि सांगलीतही नवीन कामं घेत नाही. तरी लग्नाकार्यात भेटलेली ओळखीची माणसं माझ्याशेजारी बसायला अजून कचरतात. ही बाई जेवता जेवता आपल्या फ्लॅटचा उतारा मागेल, अशी त्यांना भीती वाटत असावी.

माझ्या कामाचं सरकारी नाव उच्चारताना पक्षकारांची बोबडी वळते, म्हणून मी ‘जागा नावावर करून घेणं’ एवढंच म्हणते. फ्लॅट घेताना आपण चार भिंतींच्या आत राहायचा हक्क घेतो. जिना, गच्ची, पाण्याची टाकी सगळ्यांची असते. पण हे सगळं ज्या जमिनीवर उभं असतं, ती बिल्डरनं किंवा मूळ मालकानं सगळ्यांच्या मिळून नावावर करून द्यायला हवी, आणि पुष्कळदा ती दिलेली नसते. वर्षानुवर्षं त्यावाचून कुणाचं अडत नाही. अडतं ते इमारत म्हातारी झाल्यावर.

बरं, जमीन सगळ्यांच्या नावावर झाली म्हणून प्रश्न मिटतो असंही नाही. साताऱ्यातल्या एका गृहस्थांनी जमिनीतला आपला सामाईक हिस्सा किती फुटांचा होतो याचा हिशेब केला, तो नळाच्या बाजूला येतो असं स्वतःच ठरवलं आणि तिथे साखळी बांधली. बाकीची मंडळी साखळी ओलांडून पाणी भरायची. मी त्यांना समजावून सांगितलं, की हा हिस्सा चहातल्या साखरेसारखा असतो. तो आहे, पण बोट ठेवून दाखवता येत नाही. ते मग म्हणाले, “म्हणजे नळ जसा त्यांचाही, तशी त्यांच्या दारापुढची जागाही माझी?” मी हो म्हटलं. त्यांनी साखळी काढली आणि दुसऱ्या दिवसापासून शेजाऱ्याच्या दारापुढे खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले.

अशी माणसं पुष्कळ भेटली. पण या कामातलं एकच प्रकरण निवडून सांगा असं मला कुणी म्हटलं, तर मी सांगलीतल्या हळदीच्या बिल्डिंगचं सांगेन.

तिचं पाटीवरचं नाव वेगळं होतं. पण त्या जागी पूर्वी हळदीचं गोदाम होतं, म्हणून रिक्षावाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळे तिला हळदीची बिल्डिंग म्हणायचे. तीन मजले, बारा घरं. नदी फार लांब नाही. मोठ्या महापुरात तळमजल्यावर पाणी राहिलं होतं. पाणी ओसरलं, भिंती धुतल्या, रंग दिला. पुढे हळूहळू खांबांना चिरा दिसायला लागल्या. आतली सळई गंजत होती. इंजिनिअरनं तपासून सांगितलं, की यावर डागडुजीचा खर्च करू नका, पाडून नवी बांधा.

सोसायटीचे अध्यक्ष होते सुभेदार निकम. मूळचे कोरेगाव तालुक्यातले. फौजेतून निवृत्त झाल्यावर मुलीच्या जवळ राहायला म्हणून सांगलीत आले. माझ्या ऑफिसात ते खुर्चीच्या कडेला ताठ बसायचे आणि प्रत्येक प्रश्नाला आधी एका शब्दात उत्तर द्यायचे. त्यांच्याबरोबर नंदावहिनी आल्या होत्या. वहिनी विट्याच्या. नवऱ्याचं दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान, तो वर्षातून दोनदा घरी येणार. मुलांच्या शाळेसाठी वहिनी सांगलीत एकट्या राहून घर सांभाळत होत्या. त्यांचा फ्लॅट तळमजल्यावर, आणि सगळ्यांत वाईट खांब त्यांच्या स्वयंपाकघरात.

मी सगळे कागद मागवले, आणि वाचल्यावर मलाच ते दोघांना कसं सांगावं कळेना. जमीन बिल्डरच्या मालकीची कधी नव्हतीच. त्यानं ती नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली होती आणि त्या पट्ट्यावर इमारत बांधून फ्लॅट विकले होते. करारात तसं लिहिलेलं होतं. सही करताना ते कुणी वाचलं नव्हतं.

सुभेदार म्हणाले, “म्हंजी आमी भाडेकरू?”

“घराचे मालक, जमिनीचे भाडेकरू.”

बिल्डर आता हयात नव्हता. सोसायटीतल्या कुणीतरी ऐकलं होतं, की बिल्डर टाळाटाळ करत असला तर सरकारदरबारी अर्ज करून जमीन परस्पर नावावर होते. ते खरं आहे, अशी कितीतरी कामं मीच केली. पण त्या वाटेनं बिल्डरकडे जे असतं तेवढंच मिळतं. त्याच्याकडे फक्त भाडेपट्टा होता. आणि भाडेपट्ट्याच्या जागेवर नवी इमारत बांधायला ना बँक पुढे येत होती, ना दुसरा कुणी बिल्डर. मालकानं जमीन विकायला हवी होती.

मालक शोधायला लांब जायचं नव्हतं. ते त्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहत होते. भूपाल मगदूम. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. जैन शेतकरी कुटुंब, वडिलांचा हळदीचा व्यापार. जमीन दिली तेव्हा बिल्डरनं त्यांना एक फ्लॅट दिला होता. ऐंशीच्या घरातले, बारीक अंगाचे, जिन्यात भेटले की आधी स्वतः नमस्कार करणारे. हा आपला जमीनमालक आहे हे बिल्डिंगमध्ये ऐकून सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय, हे कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. अण्णांनी भडंग आणि ताक पुढे ठेवलं, सगळं शांतपणे ऐकलं. सोसायटी बाजारभावानं पैसे द्यायला तयार होती, तेही सांगितलं. ते म्हणाले, “भाडेपट्टा वाढवून देतो. पाहिजे तेवढी वर्षं लिहून घ्या. जागा विकत न्हाई.”

सुभेदारांनी कारण विचारलं. अण्णांनी फक्त ताकाचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. जिना उतरताना सुभेदार म्हणाले, माणूस लय हट्टी हाय. मला तसं वाटलं नव्हतं. हट्टी माणसं कारणं खूप देतात.

आठवड्याभरानं अण्णा एकटेच माझ्या ऑफिसात आले. पक्षकारांच्या बाकावर बसून राहिले. बाकीचे सगळे गेल्यावर आत आले आणि त्यांनी जे सांगितलं, ते बहुधा याआधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्यांना एक थोरली बहीण. पद्मावती तिचं नाव, पण सगळे आक्का म्हणायचे. लग्न होऊन सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या एका गावी गेली. वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा दोघांना समोर बसवून म्हणाले होते, की गोदामाची जागा दोघांची. वडील गेल्यावर चुलत्यांनी सगळा व्यवहार हातात घेतला आणि वारस म्हणून एकट्या अण्णांचं नाव लावलं. मुलीचं नाव लावायची रीत नाही, असं ते म्हणाले. अण्णा विशीतले होते, चुलत्यांपुढे बोलायची हिंमत नव्हती. पुढे चुलते गेले, पण तोवर बोलायचंच राहून गेलं. आक्कानं कधी विषय काढला नाही. ती सणाला यायची, राहायची, जायची.

मग बिल्डर आला. त्याला जागा विकत हवी होती. त्याच्या माणसानं सगळी चौकशी केली आणि सांगितलं, बहिणीचं हक्कसोडपत्र तेवढं घेऊन टाका. अण्णांना ते काही केल्या जमेना. बहिणीपुढे तो कागद धरायचा कसा, म्हणून त्यांनी विकायला नकार दिला आणि भाडेपट्टा दिला. मालकी आपल्याकडे राहिली, म्हणजे आक्काचीही राहिली, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

“मी विकली न्हाई, एवढंच माझ्या हातात व्हतं,” ते म्हणाले. “पण दिलीबी न्हाई तिला. तेबी खरं.”

इथे हक्कसोडपत्राबद्दल सांगायला हवं. वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा असतो, आणि तो भावाच्या बाजूनं सोडून देते असं ती लिहून देते, तो हा कागद. आमच्या भागात एखाद्या वकिलाच्या ऑफिसात सकाळीच दोन-तीन भाऊ आणि एक नटूनथटून आलेली बहीण दिसली, की काम कशाचं आहे ते विचारावं लागत नाही. बहिणीला नवीन साडी घेतलेली असते. नंतर हॉटेलात जेवण असतं. मी कागद वाचून दाखवायला लागले, की बहुतेक जणी म्हणतात, वाचू नका वकीलबाई, कुठं सही करू ते सांगा. काही जणी खरोखर खुशीनं देतात. काही जणींना माहेर तुटायला नको असतं. सहीवरून यातलं काही कळत नाही.

अण्णांना मी दोन्ही रस्ते सांगितले. एक हक्कसोडपत्राचा, तो झटपट. दुसरा, आधी आक्कांचं वारस म्हणून नाव लावायचं आणि मग दोघांनी मिळून विकायचं. त्याला महिने लागणार. अण्णा म्हणाले, “तुमीच चला आणि तिला इचारा. माझ्यानं तोंड उघडवणार न्हाई.”

सुभेदारांच्या गाडीतून आम्ही गेलो. अण्णा मागे बसले होते आणि सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होते. आक्का लेकीकडे राहत होत्या. ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. डोळ्यांवर जाड चष्मा, आवाज मात्र खणखणीत. भावाला बघून त्या म्हणाल्या, “तम्मा, वाळलास की रं.” तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. साऱ्या सांगलीनं ज्यांना अण्णा म्हणायचं, त्या माणसाला तिथे कुणीतरी धाकटा म्हणत होतं, आणि तो हाक ऐकून लगेच खाली जमिनीवर बसला.

बोलायचं मलाच होतं. मी सगळं सांगितलं. बिल्डिंग, खांब, बारा घरं. जमिनीत त्यांचा निम्मा वाटा होतो, तो कागदावर आलेला नाही, आणि त्यांची सही लागेल. हक्क सोडून देण्याचा एक कागद असतो, असंही म्हटलं. आक्कांचा हात डाळीतून फिरायचा थांबला.

“त्या जागंच्या कागदावर माझं नाव हाय?”

“नाही.”

“मग सोडू काय?”

एवढी वर्षं मी हक्कसोडपत्रं केली, पण हा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आक्का रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि एकेक शब्द नीट सांगितला. “आदी माझं नाव लावा. तम्माच्या शेजारी. मग मी इकते. त्या लोकांची घरं आडवायची न्हाईत मला. पण मी इकणार. सोडणार न्हाई.” मग भावाकडे वळून म्हणाल्या, “चालंल न्हवं तुला?”

अण्णा मान खाली घालून बसले होते. त्यांनी तशीच मान हलवली. आक्कांनी हात लांब करून त्यांच्या टोपीवर ठेवला आणि लेकीला म्हणाल्या, भाकरी टाक, ऊन उतरायच्या आत जेवू दे त्याला.

परतताना म्हैसाळच्या अलीकडे सुभेदारांनी गाडी बाजूला घेतली आणि मला विचारलं, नाव लागायला खरोखर किती वेळ जाईल. मी म्हटलं, अर्ज, नोटीस, हरकतींची मुदत, चौकशी. पावसाळ्याच्या आत होणार नाही. त्यांनी पुन्हा गाडी सुरू केली. पावसाळ्यात त्या खांबांचं काय होईल, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

सोसायटीची सभा गच्चीवर झाली. मला मुद्दाम बोलावलं होतं. लोक चिडलेले होते आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. घरात लहान मुलं, डोक्यावर चिरलेले स्लॅब, आणि एका म्हाताऱ्या बाईच्या नावासाठी महिनोन्‌महिने थांबायचं. पैसे तर सोसायटीला दोन्ही वाटांनी तेवढेच मोजावे लागणार होते. एक जण म्हणाला, अण्णांनी बहिणीला समजावून सही घ्यावी, भाऊ सांगेल ते बहीण ऐकते. दुसरा म्हणाला, आजींचं वय झालंय, उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर वारसांच्या मागे फिरत बसायचं का. हा मुद्दा खरा होता, आणि वकील म्हणून मी तो नाकारू शकत नव्हते. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, की धोका आहे, आणि किती आहे ते मला सांगता येणार नाही.

अण्णा गच्चीच्या दाराशी उभे होते. आत येऊन बसा म्हटलं तरी आले नाहीत.

मग नंदावहिनी उभ्या राहिल्या तेव्हा सगळे त्यांच्याकडे वळले, कारण सगळ्यांत आधी कुणाचं घर पडणार असेल तर त्यांचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

“मी विट्याला भावांना सही करून दिली,” त्या म्हणाल्या. “माझी तक्रार न्हाई. भाऊ चांगले हाईत. पण मला कुणी इचारलं न्हवतं, की बाई, तुझ्या मनात काय हाय. इचारलं असतं तरी मी दिलंच असतं. पण इचारायला पायजे व्हतं. त्या आजी इचारा म्हणत्यात, तर आपण थांबू या. माझं सामान मी उद्या हलवते.”

त्यावर मतं घ्यायची गरज पडली नाही. सुभेदारांनी कुणाला न विचारता सभा संपल्याचं जाहीर केलं. ती एकच सभा अशी आठवते, की संपल्यावर पार्किंगवरून कुणी भांडलं नाही.

वहिनी खरोखर दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत गेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात इंजिनिअरनं लोखंडी टेकू लावून घेतले. मी अर्ज दाखल केला. नोटीस निघाली, आणि पुण्याहून अण्णांच्या मुलाचा मला फोन आला. आवाज सभ्य होता. झाकलेलं कशाला उघडताय, असं त्याचं म्हणणं. आत्यानं कधी काही मागितलं नाही, आणि बाबांचं वय असं भलते निर्णय घेण्याचं नाही. तो हरकत घेणार होता, आणि त्यानं हरकत घेतली असती तर प्रकरण वर्षभर लांबलं असतं. मी अण्णांच्या कानावर घातलं. त्यांनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. मोठ्यानं बोलले नाहीत. म्हणाले, “तुझ्या आजोबांनी माझ्या तोंडावर सांगितलं व्हतं. मी ऐकलं आणि गप्प बसलो. तू हरकत घेतलीस तर मला हाफिसरापुढं उभं राहून हे सगळ्यांसमोर सांगावं लागंल. सांगीन मी.” हरकत आली नाही.

पाऊस लवकर आला आणि जोरात आला. नदीचं पाणी चढायला लागलं तसं सुभेदारांनी सगळ्यांना बाहेर काढलं. कोण कुठे जाणार, कुणाच्या म्हाताऱ्यांना आधी हलवायचं, हे त्यांनी फौजेतल्यासारखं ठरवून ठेवलं होतं. अण्णा सगळ्यांत शेवटी निघाले. त्या दिवसांत मी रोज त्या रस्त्यानं जायची आणि इमारत उभी आहे ना हे लांबून बघायची. कंपाउंडपर्यंत पाणी आलं आणि थांबलं. इमारत पडली नाही. पण त्यानंतर कुणीही परत राहायला आलं नाही. बारा घरं सांगलीभर पांगली.

त्यातच आक्कांना न्यूमोनिया झाला. त्यांना मिरजेच्या एका दवाखान्यात आणलं. सभेतलं ते बोलणं सगळ्यांना आठवलं असणार, पण कुणी बोलून दाखवलं नाही. सुभेदार रोज संध्याकाळी दवाखान्यात जायचे आणि बाहेरच्या बाकावर अण्णांशेजारी बसून राहायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, सुभेदार, तुम्ही रोज कशाला एवढी धावपळ करता. ते म्हणाले, “मॅडम, सहीसाठी न्हाई जात. म्हातारा एकटा बसतो म्हणून जातो.”

आक्का त्यातून उठल्या. दवाखान्यात असतानाच नाव लागलं. नवीन उतारा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. लहानपणी सांगलीत त्यांची दोन-तीन इयत्ता मराठी शाळा झाली होती. चष्मा पुसून, बोट ठेवून त्या वाचायला लागल्या. आधी भावाचं नाव वाचलं. मग खालचं, एकेक अक्षर जोडत. पद्मावती. तिथे थांबल्या आणि हसल्या. “लग्नानंतर ह्या नावानं मला कुणी हाक मारली न्हाई,” म्हणाल्या. “मीच इसारले व्हते.”

खरेदीखताच्या दिवशी आम्ही सगळे नोंदणी कार्यालयात जमलो. बारा घरांतली माणसं आली होती, एवढी की शिपाई वैतागला. अंगठ्याचं यंत्र आक्कांचा अंगठा काही केल्या घेईना. आयुष्यभर काम करून रेषा झिजल्या होत्या. ओल्या फडक्यानं पुसून, सगळी बोटं लावून पाहून शेवटी एका बोटाचा ठसा उमटला. मग अधिकाऱ्यानं रीतीप्रमाणे विचारलं, की आजी, हा कागद तुम्ही राजीखुशीनं करून देताय ना, कुणाची जबरदस्ती नाही ना. हा प्रश्न तिथे दिवसातून कितीतरी वेळा विचारला जातो आणि उत्तर येण्याआधीच शिक्का पडतो. आक्कांनी शिक्का पडू दिला नाही. त्या म्हणाल्या, “थांबा. इकतेय म्हणून लिवलंय न्हवं? सोडतेय म्हणून न्हाई?”

अधिकारी तरुण होता. त्यानं मान वर केली, कागद उलटून पाहिला आणि म्हणाला, “विक्री लिहिलंय, आजी. तुम्ही विकणाऱ्या आहात.”

“मग मारा शिक्का.”

तिथून त्यांना जागा बघायची होती. बिल्डिंग रिकामी होती, जिन्यात पुराचा वास अजून होता. सुभेदारांनी हात धरून त्यांना तळमजल्यावरून फिरवलं. वहिनींनी त्यांना आपलं स्वयंपाकघर, तो खांब आणि लोखंडी टेकू दाखवले. आक्कांनी खांबावरून हात फिरवला आणि वहिनींना विचारलं, तू हितं सैपाक करत व्हतीस व्हय. वहिनी हो म्हणाल्या. वहिनींनी जी गोष्ट सभेत सांगितली होती, ती आक्कांना कुणी सांगितली होती की नाही, मला माहीत नाही.

बाहेर अंगणात आल्यावर आक्कांनी मला विचारलं, आता ही जागा नेमकी कुणाची. मी म्हटलं, बारा घरांची मिळून, म्हणजे तुमच्या भावाचंही घर त्यात आलं. कुणाचा कोपरा वेगळा नाही. सगळी सगळ्यांची. त्या म्हणाल्या, “वाटणीच न्हाई, तर भांडणार कशावरनं?” मी म्हटलं, गाड्या कुठे लावायच्या त्यावरून भांडतील. त्यांना ते खरं वाटलं नाही. सुभेदारांना वाटलं.

मग त्यांनी जरा हळू विचारलं, “आता माझं नाव पुसणार त्ये?”

मी सांगितलं, की पुसत नाहीत. जुनी नोंद उताऱ्यावर तशीच राहते, नवीन नोंद तिच्या खाली येते. उद्या कुणीही उतारा काढला, की आधी तुमच्या वडिलांचं नाव, मग एकट्या भावाचं, मग तुम्हा दोघांचं, मग सोसायटीचं, असं वाचत यावं लागेल. आक्कांनी हे दोनदा सांगायला लावलं. अण्णा बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता, इतका मोकळा झाला होता.

आता तिथे नवीन इमारत उभी राहतेय. स्लॅब पडताहेत, आणि पार्किंगच्या वाटपावरून दोन सभा मोडल्या आहेत. वहिनींनी या वेळी दुसरा मजला मागून घेतला. अण्णा रोज सकाळी काठी टेकत येऊन काम बघतात. आक्का कर्नाटकात लेकीकडे असतात. तपासणीसाठी मधूनमधून मिरजेला यावं लागतं, तेव्हा वाकडी वाट करून सांगलीत येतात. मागच्या वेळी सुभेदार त्यांना रिक्षातून घेऊन निघाले होते. बांधकामापाशी आक्कांनी रिक्षा थांबवायला लावली. रिक्षावाल्याला वाटलं, आजींना कुणाला भेटायचंय. त्यानं विचारलं, इथे कोण असतं तुमचं.

सुभेदारांनी मला जसं सांगितलं तसं लिहिते. आक्का म्हणाल्या, “कोण न्हाई. जागा माझी व्हती. मी इकली. चला आता.”